जालन्याचं मनोरुग्णालय आणि मामेभावाचे तीन प्रश्न

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्हा परभणीकरांचं लाडकं वाक्य. त्या जर्मनीत, लाइपझिगला, व्हिल्हेल्म वुंटने १८७९ साली मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली. आमच्याकडे मात्र अजूनही मनाच्या डॉक्टरचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणतात. असं का, हा प्रश्न मला परवा पडला. निमित्त सेलूच्या मामेभावाचं.

रात्री अकराला त्याचा फोन आला. दोन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चाललाय, झोप उडालीय, जेवण जात नाही. एका सरांनी समुपदेशकाकडे जायला सुचवलंय. पठ्ठ्याने तीनच प्रश्न विचारले. "दादा, तिथं नाव लिहून घेतेत का? घरी कळवतेत का? अन् एकदा गेलं की सुटता येतं का?"

तिसऱ्या प्रश्नावर मी हसणारच होतो. मग वाटलं, ही भीती याच्या डोक्यातून निघालेली नाही. ती बरीच जुनी आहे.

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं मनोरुग्णालय होतं चक्क आपल्या जालन्याला! सेलू-जालना एकाच रेल्वेमार्गावर. पुढे १९५३ साली ते हैदराबादला एर्रागड्डा भागात हलवलं गेलं. आणि तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. म्हणजे रुग्णालय एका राज्यात आणि रुग्ण दुसऱ्या राज्यात. १९६० नंतर महाराष्ट्राची मोठी सरकारी मनोरुग्णालयं होती ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही. मनाचा आजार म्हणजे माणसाला लांब कुठेतरी नेऊन ठेवणं, हे समीकरण पक्कं व्हायला आणखी काय लागतं?

त्यात कायदा. ब्रिटिशांनी १९१२ साली जो 'ल्युनसी अ‍ॅक्ट' केला, त्यात माणसाला दाखल करण्याचा नेहमीचा रस्ता मॅजिस्ट्रेटच्या हुकुमातून जायचा. दवाखान्याच्या दारात कोर्ट उभं! स्वातंत्र्यानंतरही हा कायदा कित्येक वर्षं चालला. त्याच्या जागी १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, तोही प्रत्यक्ष लागू झाला १९९३ ला. तेव्हा 'सुटता येतं का' हा प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीला अगदी रास्त होता.

समुपदेशन मात्र या रस्त्याने आलेलंच नाही, आणि नेमकं हेच आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. अमेरिकेत कार्ल रॉजर्सने १९४२ च्या आपल्या पुस्तकात 'पेशंट' ऐवजी 'क्लायंट' हा शब्द रुजवला. आम्हा आयटीवाल्यांना क्लायंट म्हटलं की घाम फुटतो, पण रॉजर्सचा अर्थ साधा होता. येणारा माणूस आपल्या पायांनी येतो, निर्णय त्याचाच असतो, आणि समोरचा त्याला ते निर्णय घ्यायला मदत करतो. महाराष्ट्रात १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात 'आयपीएच' उभी केली. आणि २०१५ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर सरकारने 'प्रेरणा प्रकल्प' आणला. मराठवाडा-विदर्भातले १४ जिल्हे त्यात होते, परभणी धरून. आशाताई घरोघर जाऊन झोप, भूक, निराशा यांबद्दल विचारू लागल्या. एकेकाळी माणूस दूर पाठवला जायचा, आता विचारपूस करणारं माणूस दारात आलं. फरक केवढा!

तर भावाला मी जे सांगितलं ते असं.

नाव लिहून घेतात, जसं दाताच्या डॉक्टरकडे घेतात. मानसिक आजारावरच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलाय (तो मे २०१८ पासून लागू आहे). पण गुप्ततेला अपवाद असतात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कोर्टाने मागितलं तर. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचार, "माझं बोलणं कुणाला, कधी सांगाल?" चांगला समुपदेशक हे आपणहूनच सांगतो.

दुसरं, समोरचा कोण आहे ते विचारायला लाजू नकोस. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे त्यात शिकलेला डॉक्टर. औषध तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र निरनिराळ्या शिक्षणाची माणसं लावतात. म्हणून शिक्षण, अनुभव, फी, सगळं आधीच विचारावं. बाइक घेताना दहा प्रश्न विचारतोस ना?

तिसरं, पहिल्या भेटीत चमत्कार होत नाही. साधारण पाऊण ते एक तास बोलणं होतं, त्यातला बराच वेळ तुझी माहिती घेण्यात जातो. कधीकधी बाहेर पडताना जास्तच जड वाटतं. दोन-चार भेटींनंतरही सूर जुळला नाही तर तसं सांगावं, दुसरा शोधावा. त्यात कुणाचा अपमान नाही.

आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटला तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे. १४४१६ लावायचा, पैसे पडत नाहीत. आणि मला तर लावायचाच.

"अन् सुटायचं?" त्याने परत विचारलं.

"अरे, तुला तिथं कोणी धरूनच ठेवत नाही. नाही पटलं तर उठून ये."

परवा त्याचा मेसेज आला. 'गेलतो. पन्नास मिनिटं बोललो. बुधवारी परत जायचंय. आईला मीच सांगितलं.'

तीन प्रश्नांतला दुसरा त्याने आपला आपणच सोडवला होता.