युद्धखेळाचा पहिला संच : घ्यावा की न घ्यावा?

मेजावर सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडायच्या, टेपने अंतर मोजून त्या पुढे सरकवायच्या आणि फासे टाकून चकमकीचा निकाल लावायचा, अशा खेळास मिनिएचर वॉरगेम म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रशियात राइसविट्झ पिता-पुत्रांनी सिद्ध केलेला ‘क्रीगस्पील’ हा या खेळाचा पूर्वज. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईला लेखी नियम दिले. आज या प्रकारातील सर्वांत परिचित नाव ‘वॉरहॅमर ४०,०००’ हे होय. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील गेम्स वर्कशॉप या कंपनीचा हा खेळ १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. नवख्यांसाठी कंपनी वेळोवेळी दोन फौजा एकाच पेटीत घालून स्टार्टर सेट काढते. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडण्यात ज्याचे बालपण गेले, त्याला अशी पेटी पाहून मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु किंमत पाहता, मोहाआधी थोडा हिशेब केलेला बरा.

जून २०२३ मध्ये दहाव्या आवृत्तीसोबत आलेल्या ‘लेव्हायथन’ या मर्यादित पेटीचे उदाहरण घेऊ. किंमत १५० पौंड. आत स्पेस मरीन सैनिकांच्या २५ आणि टिरॅनिड या कीटकसदृश शत्रूच्या ४७, अशा एकूण ७२ प्रतिकृती आणि नियमांचा जाडजूड ग्रंथ. म्हणजे नगामागे दोन पौंडांहून किंचित अधिक. स्पेस मरीनच्या दहा सैनिकांची सुटी पेटी ३० पौंडांहून महाग पडते. या तुलनेत संच स्वस्त आहे, यात वाद नाही. विक्रेतेही नेमका हाच हिशेब पुढे करतात.

मात्र तो अपुरा आहे. प्रतिकृती रंगविलेल्या नसतात, जोडलेल्याही नसतात. प्लॅस्टिकच्या चौकटीतून प्रत्येक भाग कातरून काढावा लागतो, कडा चाकूने साफ कराव्या लागतात, मग अस्तर आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे थर. नवशिक्याला एका सैनिकामागे सरासरी दीड तास धरला, तरी ७२ प्रतिकृतींना १०८ तास होतात. शनिवार-रविवारी एकेक तास दिल्यास वर्ष उलटते. शिवाय आठवी आवृत्ती २०१७ मध्ये, नववी २०२० मध्ये आणि दहावी २०२३ मध्ये निघाली, हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे पेटीतील नियमग्रंथाचे आयुष्य किती, हेही कळते. ज्याला रंगकामात रस नाही, त्याच्या घरी हा संच बहुधा कपाटावर धूळ खात पडतो. माझ्या मते स्वस्त-महाग ठरविण्याचे खरे माप पेटीतील प्रतिकृतींची संख्या नव्हे. आपल्या हातून रंगवून होतील त्या प्रतिकृतींची संख्या होय.

वरखर्चाचाही विचार करावा. ‘लेव्हायथन’मध्ये फासे नव्हते, मोजपट्टी नव्हती, रंगही नव्हते. उलट त्याच वर्षी नंतर आलेल्या तीन संचांपैकी सर्वांत लहान संचात १६ प्रतिकृतींसोबत मोजके रंग, ब्रश आणि कातर दिलेली होती. घरातील बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हा छंद मानवतो की नाही, हे पाहण्यास असा छोटा संच पुरेसा आहे. चाकूचे काम तेवढे वडीलधाऱ्यांनी करावे.

दुसरा प्रश्न प्रतिस्पर्ध्याचा. बुद्धिबळाचा पट शेजारच्या कोणाहीपुढे मांडता येतो, येथे मात्र नियम शिकलेला आणि दोन-तीन तास बसणारा गडी लागतो. तो आधीच ठरलेला असेल, तर दोघांनी मिळून मोठी पेटी घेऊन फौजा वाटून घेणे हा सर्वांत किफायतशीर मार्ग. कोणती फौज कोणाची आणि नियमग्रंथ कोणाकडे, हे पैसे देण्यापूर्वीच ठरवावे. एकट्याने घेतल्यास अर्धी पेटी नावडत्या फौजेची असू शकते. प्रचलित पूर्ण सामना २००० गुणांचा असतो आणि पेटीतील एका बाजूने तो भरत नाही. दुसरी तीच पेटी घेण्यातही अर्थ नाही, कारण या सैनिकांचे पवित्रे ठरलेले असतात. दहाव्या आवृत्तीतील ‘कॉम्बॅट पॅट्रोल’ हा ४४ बाय ३० इंच मेजावरचा छोटा सामना मात्र पेटीतील ठरावीक तुकड्यांवर खेळता येतो.

खेळ पारखण्यासाठी एवढा खर्चही आवश्यक नाही. दहाव्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीने २०२३ मध्ये विनामूल्य उपलब्ध केले होते. ‘वन पेज रूल्स’चे सुटसुटीत नियमही मोफत मिळतात आणि ते कोणत्याही कंपनीच्या प्रतिकृतींवर चालतात. सैनिकांच्या जागी पुठ्ठ्याच्या चकत्या मांडून दोन डाव खेळावेत. कंटाळा आला तर १५० पौंड वाचले.

भारतातून मागविणाऱ्याने वाहतूक आणि सीमाशुल्क धरूनच किंमत काढावी, अन्यथा नगामागे दोन पौंडांचा हिशेब कागदावरच राहतो. जुना संच कोणी विकत असेल तर प्रतिकृतींचे सर्व भाग मोजून पाहावेत. त्यांना आवृत्तीचे बंधन सहसा नडत नाही. सोबतचा नियमग्रंथ मात्र मागील आवृत्तीचा असल्यास त्यापोटी वेगळे पैसे देऊ नयेत.