आकडी पाच मिनिटांनंतरही थांबत नसेल तर वेळ कुठे वाया जातो?

आकडी (फिट) आलेल्या रुग्णाला कॅज्युअल्टीत आणले की डॉक्टर आधी विचारतात, "किती वाजता सुरू झाली?" बहुतेक वेळा उत्तर मिळते, "बराच वेळ झाला." घाबरलेल्या घरच्यांना एक मिनिटही पंधरा मिनिटांसारखे वाटते. त्यात त्यांचा दोष नाही, पण पुढचे उपचार या उत्तरावर अवलंबून असतात.

पाच मिनिटांचे महत्त्व

बहुतेक आकड्या एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. सर्वांगाला झटके देणारी आकडी पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली, तर तिला 'स्टेटस एपिलेप्टिकस' म्हणतात. ही तातडीची अवस्था आहे. पूर्वी यासाठी ३० मिनिटांची मर्यादा धरत. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ५ मिनिटांनंतर उपचार सुरू व्हायला हवेत, कारण ३० मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

दुसरे कारण औषधाचे. लोराझेपाम, मिडाझोलाम ही औषधे मेंदूच्या पेशींवरील ठरावीक जागांवर काम करतात. आकडी लांबत जाते तशा या जागा कमी होतात. त्यामुळे पाचव्या मिनिटाला लागू पडणारे औषध अर्ध्या तासाने तेवढे लागू पडेलच असे नाही.

उशीर कुठे होतो?

घरी: कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडात चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे. यांनी आकडी थांबत नाही. दात तुटणे, गुदमरणे, हाड मोडणे मात्र होऊ शकते.

रस्त्यात: संध्याकाळी मगरपट्टा चौक ते गाडीतळ हे अंतर कापायला किती वेळ लागतो, हे हडपसरकरांना सांगायला नको. त्यातच आधी एका छोट्या दवाखान्यात, तिथून दुसरीकडे अशी धावपळ झाली, तर औषधाविनाच वेळ निघून जातो.

रुग्णालयात: श्वास मंदावेल या भीतीने पहिला डोस कमी दिला जातो. प्रत्यक्षात लांबलेल्या आकडीनेच श्वासाला जास्त धोका असतो. कधी शीर सापडत नाही म्हणून वेळ जातो. मिडाझोलाम मांडीच्या स्नायूतही देता येते आणि ते शिरेतल्या लोराझेपामइतकेच उपयोगी ठरते, हे २०१२ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसले. सीटी स्कॅन गरजेचा असू शकतो, पण आधी आकडी थांबवायची. साखर मात्र लगेच तपासायची.

झटके थांबले तरी रुग्ण शुद्धीवर येत नसेल, तर मेंदूत आकडी आतल्या आत चालू असू शकते. ते ईईजी तपासणीत कळते. "दमलाय, झोपू द्या" असे गृहीत धरू नका.

घरच्यांनी काय करावे?

• आधी घड्याळ पाहा. शक्य असल्यास मोबाईलवर व्हिडिओ घ्या.
• रुग्णाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा. तोंडात पाणी, औषध, काहीही घालू नका.
• डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल, तर तो सांगितलेल्या वेळी व डोसमध्येच द्या.
• पाच मिनिटे झाली की १०८ ला फोन करा. पहिलीच आकडी, गर्भवती स्त्री, मधुमेह, डोक्याला मार, पाण्यात आलेली आकडी किंवा श्वासाचा त्रास असेल तर पाच मिनिटे थांबू नका.
• तातडीचा विभाग २४ तास चालू असलेल्या जवळच्या रुग्णालयातच जा.
• पोहोचताच सांगा: सुरू झाल्याची वेळ, मध्ये शुद्ध आली की नाही, दिलेले औषध, नेहमीच्या गोळ्या आणि चुकलेला डोस.

आधीच आकडीचा आजार असलेल्यांमध्ये गोळ्या अचानक बंद करणे हे लांबलेल्या आकडीचे एक नेहमीचे कारण आहे. उपवास, प्रवास किंवा "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या चुकवू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून 'आकडी आल्यास काय करायचे' हे कागदावर लिहून घ्या. त्याची एक प्रत फ्रिजवर लावा, दुसरी रुग्णाच्या पाकिटात ठेवा.