न दुखणारी गाठ

मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा स्त्रियांच्या आरोग्यावर काही जुनी हकीकत लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मला प्रथम आठवल्या त्या आमच्या थोरल्या जाऊबाई. १९८८ सालची गोष्ट. गिरगावातील चाळीत आम्ही एकाच घरात नांदत होतो. त्यांच्या डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ झाली होती, आणि ती त्यांनी जवळजवळ वर्षभर आम्हां सर्वांपासून लपविली. माझ्या ध्यानी आले तेव्हा म्हणाल्या, "अगं, दुखत नाही ना, मग कशाला कोणाला सांगायचं?" दुखू लागले तेव्हा फार उशीर झाला होता. त्या बावन्नाव्या वर्षी गेल्या. धाकटी मुलगी तेव्हा शाळेत होती.

भगिनींनो, हा विषय छापून द्यावयाचा म्हणजे आजही थोडा संकोच वाटतो. पण आडपडदा ठेवून लिहावयाचे, तर न लिहिलेलेच बरे.

गिरगावापासून परळ काही लांब नाही, आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीच उघडले होते. म्हणजे उपचार होते. बाईच तेथवर वेळेवर पोहोचत नव्हती. ही अडचण केवळ आपलीच नव्हे. धडधाकट दिसणाऱ्या बाईलाच बोलावून तपासावे, या कल्पनेची पहिली मोठी पारख १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. सुमारे ६२,००० स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला दरवर्षी हाताने तपासणी व स्तनांचे क्ष-किरण छायाचित्र, दुसऱ्याला नेहमीचीच वैद्यकीय सोय. दहा वर्षांनी पाहता पहिल्या गटात या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरले. या कामातील डॉ. फिलिप स्ट्रॅक्स यांची पत्नी याच रोगाने एकोणचाळिसाव्या वर्षी वारली होती.

पण ती यंत्रे आणि ती छायाचित्रे वाचणारे तज्ज्ञ आपल्याकडे वस्तीवस्तीत कोठून आणावयाचे? म्हणून टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जे काम आरंभिले, ते मला या साऱ्या इतिहासात अधिक मोलाचे वाटते. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केले, आणि त्यांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची बोटांनी चाचपून तपासणी केली. गाठ लागली, कातडीला खळी पडलेली दिसली, बोंड आत ओढले गेले असले, की पुढील तपासासाठी परळला पाठवावयाचे. उरलेल्या निम्म्या वस्त्यांत प्रारंभी एकदा माहिती तेवढी सांगितली. तुलनेवाचून खरेखोटे कळत नाही हे मला पटते. तरी त्या दुसऱ्या निम्म्या घरांचा विचार मनातून जात नाही.

निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. रोग बळावलेल्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण तपासलेल्या स्त्रियांत ३७ टक्के, तर इतरांत ४७ टक्के होते. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाही, आणि सर्व वयांचा एकत्र हिशेब मांडला तर १५ टक्क्यांची जी घट आली, ती खात्रीने सांगण्याजोगी नव्हती. हेही लिहिणे भाग आहे, नाहीतर इतिहासाची जाहिरात होते. पण 'पन्नाशी' हा शब्द वाचला आणि मी चष्मा काढून ठेवला. जाऊबाई बावन्नच्या होत्या.

२०१६ साली केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशीच हाताने तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे ठरविले. जाऊबाईंची ती धाकटी मुलगी आता आईच्या वयाला आली आहे. गेल्या श्रावणात मीच तिला घेऊन आरोग्यसेविकेकडे गेले. पडद्याआड काही मिनिटेच लागली. "काही लागलं नाही," सेविका म्हणाली, "पण मध्ये गाठबीठ जाणवली तर पाच वर्षं थांबू नका हं ताई. दुखत नसली तरी या."