हिरडस मावळ : वतन, पाणी आणि दफ्तर

भोराहून वरंधा घाटाकडे जातांना वाटेंत हिर्डोशी हें गांव लागतें. बारा मावळांपैकीं हिरडस मावळ तें हेंच खोरें. गांवाच्या व मावळाच्या नांवांत एकच शब्द दिसतो, आणि तो सह्याद्रीच्या रानांतील हिरड्यावरून आला असावा असें आमचें मत आहे. नीरेचा उगम याच भागांत, शिरगांवापाशीं होतो, आणि तिचें पाणी पूर्वेस वाहत जाऊन नीरा-नरसिंहपुरास भीमेस मिळतें. संशोधकांस हें खोरें परिचित आहे तें बांदल देशमुख व बाजी प्रभु देशपांडे यांच्यामुळें. परंतु ज्या चिकित्सक दृष्टीनें आपण येथील वतनपत्रें वाचतों त्याच दृष्टीनें येथील धरणाचे कागदहि वाचले पाहिजेत, असें प्रस्तुत लेखाचें प्रतिपादन आहे.

प्रथम वतनाचा विचार करूं. देशमुख हा केवळ वसूल करणारा अधिकारी नव्हता. सरकारापुढें तो प्रजेचा व प्रजेपुढें तो सरकारचा, असें त्याचें स्थान दुहेरी होतें. या स्थानाचें मर्म शेजारच्या रोहिडखोऱ्यांतील कारीकर जेधे यांच्या कागदांवरून चांगलें कळतें. त्यांची शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ त प्रसिद्ध केली, हें वाचकांस ठाऊकच आहे. अफजलखान चालून आला त्या १६५९ सालीं आदिलशाही फर्मान कान्होजी जेध्यांकडे आलें. तेव्हां कान्होजींनीं पांच पुत्रांसह महाराजांपुढें येऊन आपल्या वतनावर पाणी सोडलें, असें जेधे करीना सांगतो. पुढें १६६० च्या जुलैंत पन्हाळ्याहून विशाळगडास जातांना बांदलांच्या जमावानें खिंड लढविली आणि बाजी प्रभु पडले. त्यानंतर पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून बांदलांकडे गेला, व वैर विसरून जेध्यांनीं तो मान्य केला, अशी परंपरा आहे. या दोन्ही गोष्टींवरून एक अनुमान निघतें. ज्याचा अधिकार मोठा त्यानें प्रथम आपलें कांहीं सोडावें, आणि कोणीं काय सोडलें हें चारचौघांस दिसावें, अशी त्या काळच्या नेतृत्वाची कसोटी होती.

निवाड्याची रीतिहि अशीच उघड होती. महजर वाचतां असें दिसतें कीं, वतनाचा वाद गोतापुढें येई, पाटील-कुळकर्ण्यांबरोबर बलुतेदार साक्षीस बसत, आणि पाटील आपल्या नांवापुढें नांगराची निशाणी करी. ही पद्धति निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. मिरासदाराच्या मानानें उपऱ्याचा शब्द हलका होता. तथापि निर्णय कोणीं, कोठें व कोणासमक्ष केला हें कागद आजहि सांगतो.

आतां पाण्याकडे वळूं. नीरेचा डावा कालवा १८८५ त सुरू झाला. वेळवंडी नदीवरील भाटघरचें मोठें धरण १९२८ त पुरें झालें. तें भोर संस्थानच्या हद्दींत होतें, पण त्याचें पाणी मुख्यतः खालच्या बारामती-इंदापुराकडे जाई. उजवा कालवा त्यानंतरचा. १९४८ त संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि पुढें खुद्द हिरडस मावळांत नीरा-देवघर धरण झालें. त्यांत सुमारें ११.७ अब्ज घनफूट पाणी सांठतें. खंडाळा, फलटण, माळशिरस या अवर्षणी मुलुखास पाणी मिळावें हा हेतु योग्यच होता, यांत संशय नाहीं. परंतु यंत्रविद्येनें येथें एक नवी गोष्ट घडविली. सोडणारा वरच्या टोंकास आणि मिळविणारा खालच्या टोंकास राहूं लागला, व दोघांस एके ठिकाणीं बसविणारी गोतसभा उरली नाहीं.

हा प्रश्न प्रथम मोठ्यानें विचारला गेला तो मुळशी पेट्यांत. तेथें टाटांच्या विजेच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ पर्यंत सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालीं मावळे सत्याग्रहास उभे राहिले. धरण थांबलें नाहीं. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रांत १९७६ त आला, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळानें; आणि १९८६ त त्याच्या जागीं नवा कायदा झाला. लाभक्षेत्रांतील जमीन विस्थापितास द्यावी हें त्यांतील तत्त्व न्याय्य आहे. पण पावसाच्या भातावर व नाचणीवर वाढलेल्या कुळास काळ्या, पाटाच्या जमिनींत शेतीचें ज्ञान पुन्हा पहिल्यापासून मिळवावें लागतें, आणि तें नुकसान भरपाईच्या हिशेबांत मांडतां येत नाहीं.

समाजशास्त्रीय संशोधनाचें लक्षहि पुष्कळदा खालच्या टोंकाकडेच राहिलें. पुण्याच्या गोखले संस्थेनें धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली. १९४८ त प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ आपल्या विषयांत पायाभूत होय. मात्र त्याचा विषय पाणी पोंचलें तेथील लाभ हा होता. पाणी जेथून निघालें तेथील जमाखर्चास निराळीं साधनें लागतात.

या ठिकाणीं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचें स्मरण होतें. आरमारास लांकूड हवें हें राज्याचें प्रयोजन मोठें. तरी रयतेनें वर्षानुवर्षें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं झाडें बळानें तोडूं नयेत, धन्यास राजी करून व मोल देऊनच घ्यावींत, असा त्यांतील आशय आहे. राजीपणा आणि मोल अशा या दोन अटी होत. आजच्या कायद्यांत मोलाची अट आहे. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यानें खासगी प्रकल्पास ८० टक्के व सरकार-खासगी भागीदारीस ७० टक्के बाधितांची संमति आवश्यक केली. पण सरकारच्या स्वतःच्या धरणास, अनुसूचित क्षेत्रें सोडतां, ती अट लावली नाहीं. अमात्यांनीं राजाच्याच हातास बांधलें होतें, हा भेद लक्षांत घेण्यासारखा आहे.

संग्राहकांस आमची विनंति आहे. सतराव्या शतकाचे कागद टिकले ते वतनदारांच्या घरांत, पेटाऱ्यांत व माळ्यावर. धरणानें घरच हालविलें कीं ते कागदहि हालतात, आणि बहुधा हरवतात. म्हणून नीरेच्या खोऱ्यांत हिंडतांना मोडी रुमालांबरोबरच भूसंपादनाच्या नोटिसा, पंचनामे, कबजेपावत्या, जुने सातबारे आणि बुडीत वाड्यांचे हातनकाशे हेहि मागावेत. त्यांवर गांव, कुळ व मिति नोंदवावी. आणि नव्या वसाहतींत जाऊन वृद्धांकडून जुन्या शेतांचीं, देवस्थानांचीं व पाणवठ्यांचीं नांवें उतरून घ्यावींत. पाणी कोणीं सोडलें याचा पुरावा पुढच्या संशोधकास याच दफ्तरांत मिळेल.