दुर्री : भंगारातली १९३२ची फोर्ड आणि 'मूळ रूपा'चा प्रश्न

जुन्या गाडीचा जीर्णोद्धार म्हणजे ती कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशी करणे, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील 'स्ट्रीट रॉड' ही परंपरा मात्र टाकून दिलेली गाडी उचलते आणि तिला पूर्वी कधीच नव्हते असे रूप देते. तिचा इतिहास सांगणारा हा थ्रेड.

सुरुवात स्वस्त गाड्यांपासून. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने सुमारे दीड कोटी 'मॉडेल टी' बनवल्या. महामंदीच्या वर्षांत त्या आणि त्यांच्यामागून आलेल्या 'मॉडेल ए' भंगारवाल्यांकडे किरकोळ किमतीत पडून असत. अशात १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे 'व्ही-८' इंजिन आणले : २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. तोवर असे इंजिन बहुतांशी श्रीमंतांच्या गाड्यांत असे. फोर्डने त्याचा संपूर्ण ठोकळा एकाच ओतकामात काढला आणि व्ही-८ची साधी रोडस्टर पाचशे डॉलरच्या आत विकली. सालातील शेवटच्या दोनामुळे पुढे या गाडीला 'ड्यूस' हे नाव पडले. ड्यूस म्हणजे पत्त्यांतली दुर्री.

लॉस एंजलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटात म्युरॉक हे कोरडे सरोवर आहे. त्याच्या सपाट तळावर तरुण मुले मडगार्ड, बॉनेट, पुढची काच काढून वजन घटवलेल्या गाड्या पळवीत. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी संघटना स्थापन केली. युद्धकाळात म्युरॉक लष्कराने घेतले. आज तेथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. मात्र त्याच युद्धाने हजारो तरुणांना वेल्डिंग आणि लेथचे काम शिकवले. लढाऊ विमानांच्या जादा इंधनटाक्या विकत घेऊन त्यांतून शर्यतीच्या गाड्यांचे सांगाडे घडवणारेही निघाले! जानेवारी १९४८मध्ये 'हॉट रॉड' मासिक सुरू झाले आणि गल्लीतला हा छंद देशभर पोहोचला.

फोर्डच का, याचे उत्तर लाकडात आहे. त्या काळच्या शेव्हरोलेच्या पत्र्यामागे लाकडी चौकट असे. उघड्यावर पडलेल्या गाडीत ती कुजून जाई आणि पत्रा आधाराविना लोंबे. फोर्डमध्ये पोलाद जास्त, त्यामुळे वीस-वीस वर्षे शेतात पडलेला सांगाडाही कामाचा निघे. गंज आधी खालचा भाग खातो : पाय ठेवण्याची जागा, दारांच्या कडा. तेवढा पत्रा कापून नवा जोडायचा. चॅसीच्या उघड्या पट्ट्यांना आतून पोलादी पाटी लावून त्या पेटीसारख्या बंद करायच्या, म्हणजे मोठ्या इंजिनाचा पीळ त्यांना सोसतो. १९३२च्या फोर्डचे ब्रेक दांड्यांवर चालणारे. त्यांच्या जागी १९३९पासून फोर्डने दिलेले हायड्रॉलिक ब्रेक बसवायचे. इथवर सारे सुरक्षिततेचे. छताचे खांब काही इंच कापून छत खाली आणणे ('चॉप') किंवा बॉडीचा तळ कापून ती चॅसीवर खाली बसवणे ('चॅनल') हा शुद्ध हौसेचा भाग. आणि तो सहजी परत फिरवता येत नाही. एकदा करवत चालली की १९३२ची आणखी एक अस्सल गाडी जगातून कमी होते. जीर्णोद्धार करणाऱ्यांचा राग नेमका याच गोष्टीवर होता आणि तो अगदीच अनाठायी नव्हता.

१९५५च्या शेव्हरोले व्ही-८नंतर कारखान्यातूनच वेगवान गाड्या येऊ लागल्या. जुनी फोर्ड शर्यतीत मागे पडली, पण रस्त्यावर मिरवण्यासाठी उरली. १९७० साली इलिनॉयमधील पिओरिया येथे स्ट्रीट रॉडचा पहिला राष्ट्रीय मेळावा भरला. अट एकच ठळक : गाडी १९४८ची किंवा त्याआधीची हवी.

खरा पेच पुढच्या पिढीसमोर आला. खुद्द हॉट रॉडच जुन्या झाल्या. त्यांचा जीर्णोद्धार कोणत्या सालापर्यंत करायचा? डोन स्पेन्सर या कॅलिफोर्नियाच्या कारागिराची १९३२ची रोडस्टर पाहा. चाळिशीच्या दशकात त्याने ती घडवली, मग मेक्सिकोतील 'कारेरा पानामेरिकाना' शर्यतीसाठी पुन्हा बदलायला घेतली. १९५४नंतर ती शर्यतच बंद झाली. नव्वदच्या दशकात गाडी पुन्हा उभी करताना फोर्डचे रूप बाजूला ठेवून स्पेन्सरचे रूप परत आणले गेले. मूळ रूपाच्या काटेकोरपणासाठी ख्यात असलेल्या पेबल बीच प्रदर्शनाने १९९७ साली प्रथमच हॉट रॉडसाठी वर्ग उघडला, आणि पहिला क्रमांक याच गाडीला मिळाला. स्पेन्सरची करवत आता अस्सलपणाचा पुरावा ठरली होती.

भारतात २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. पेबल बीचला पहिली आलेली गाडी या नियमात बसत नाही.