तराजूत बसलेला राजा

आमच्या जिल्ह्याच्या गावाचे जुने नाव वत्सगुल्म. वत्स ऋषींच्या तपाशी हे नाव जोडले जाते आणि त्याचे महात्म्य गावात आजही सांगतात. पण ‘वत्स’ म्हणजे वासरू, आणि त्याच शब्दातून ‘वत्सल’ व ‘वात्सल्य’ आले. वासरासाठी गाईला पान्हा फुटावा, तशी माया. मी शाळेत उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. तिथे ‘रहम’ हा शब्द वारंवार येतो. अरबीत हा शब्द ज्या धातूपासून बनला, त्याच धातूपासून गर्भाशयाला ‘रहिम’ हा शब्द आहे. दोन भाषा, दोन कुळे. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. तरीही दयेसाठी शब्द शोधताना दोघीही आईपाशीच गेल्या. हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

वाशीमची ही ओळख फार काळ विस्मरणात गेली होती. १९३९ साली वाशीमला एक ताम्रपट सापडला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्यकाळाच्या ३७व्या वर्षी वत्सगुल्म येथून दिलेले ते दानपत्र. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासातून पुढे स्पष्ट झाले, की वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथून राज्य करीत होती. चौथ्या शतकात या शाखेचा पाया घालणारा सर्वसेन हा स्वतः कवी होता. ‘हरिविजय’ हे त्याचे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. परंतु पुढील काळातल्या साहित्यशास्त्रज्ञांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. म्हणजे मराठीची पूर्वज असलेल्या बोलीत लिहिणारा राजा याच मातीतला.

याच घराण्यातला शेवटचा मोठा राजा हरिषेण. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे राज्य होते. आज जगभरातून लोक अजिंठा पाहायला येतात, पण तिथल्या महत्त्वाच्या लेण्यांचा वाशीमशी असलेला संबंध वाशीमच्याही पुष्कळ लोकांना ठाऊक नाही. १६ क्रमांकाचे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने बौद्ध भिक्षुसंघाला अर्पण केले. तिथल्या शिलालेखात वाकाटकांची वंशावळ आहे. १७ क्रमांकाचे लेणे हरिषेणाच्या काळात त्याच्या एका मांडलिक राजाने कोरवून घेतले. या मांडलिकाचा धाकटा भाऊ रविसांब अकाली वारला. त्या दुःखाने हा राजा दानधर्माकडे वळला, असे तिथला शिलालेख सांगतो. घरातला माणूस गेल्यावर कोणी जगावर रुसतो, कोणी दैवाला बोल लावतो. या माणसाने दुसऱ्यांसाठी निवारा कोरून घेतला. त्या राजाची संपत्ती, त्याच्या लढाया, सारे विरले. भावाचे दुःख तेवढे दगडावर राहिले.

या भिंतींवर काय रंगवले आहे? आंधळ्या आईची सेवा करणारा हत्ती. भुकेल्या वाटसरूंना अन्न मिळावे म्हणून कड्यावरून स्वतःला झोकून देणारा हत्ती. आपल्या अंगाचा पूल करून इतर वानरांना पलीकडे पोचवणारा वानरराज. आणि पहिल्या लेण्यात शिबी राजा. ससाण्याच्या भीतीने एक कबुतर राजाच्या आश्रयाला येते. ससाणा म्हणतो, हे माझे भक्ष्य आहे, ते मला दे. राजा कबुतराच्या वजनाइतके आपले मांस द्यायला तयार होतो. तराजू आणला जातो. राजा मांस कापून घालीत जातो, पण कबुतराचे पारडे काही वर येत नाही. शेवटी राजा स्वतःच पारड्यात बसतो. ही कथा महाभारतातही आहे.

मुलांना ही गोष्ट सांगितली की एखादा हुशार मुलगा विचारतो, “सर, पण ससाण्याचं काय चुकलं? तो तर उपाशी होता.” प्रश्न बिनतोड आहे, आणि कथेचे मर्मही त्याच्यातच आहे. शिबीने ससाण्याला हाकलून दिले असते तर तो शूर ठरला असता. परंतु दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन केलेली ती दया झाली असती. त्याने दोघांचाही हक्क मानला आणि किंमत स्वतः मोजली. करुणा फुकट मिळत नाही. कोणीतरी ती आपल्या अंगावर घेतो.

हदीसमध्ये याच जातीची एक छोटी हकीकत आहे. तहानलेला एक माणूस विहिरीत उतरून पाणी पितो. वर येतो तो एक कुत्रा तहानेने ओली माती चाटताना दिसतो. माणूस पुन्हा विहिरीत उतरतो, चामडी मोज्यात पाणी भरतो, तो दातांत धरून वर येतो आणि कुत्र्याला पाजतो. एवढ्यावर त्याचे गुन्हे माफ होतात. इथेही पहिल्यांदा तो स्वतःसाठी उतरला होता. नेकी झाली ती दुसऱ्या खेपेला.

अजिंठ्याची ही चित्रे आपल्यापर्यंत पोचली, तीही कोणाच्या तरी मायेमुळे. १८१९ नंतर ती पुन्हा जगापुढे आली आणि पाहणाऱ्यांच्या हौसेने त्यांची हानीही झाली. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९१४ साली हैदराबाद संस्थानाचे पुरातत्त्व खाते सुरू झाले. त्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी या चित्रांच्या जतनासाठी परदेशातून तज्ज्ञ आणवले आणि अजिंठ्यावरचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत सिद्ध केला. मराठवाड्यातले उर्दू कवी सिकंदर अली ‘वज्द’ यांनी ‘अजंता’ ही नज्म लिहिली. बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेल्या लेण्यांना हिंदू सचिवाने हात लावला, आणि पंधराशे वर्षांनी त्यांची राखण मुसलमान अभ्यासकाने केली. आपल्या इतिहासात अशीही पाने आहेत. ती मुलांना वाचून दाखवायला हवीत.

पण इतिहासाचा केवळ अभिमान बाळगून भागत नाही. करुणा रंगवणारे राज्यही हरिषेणानंतर फार काळ टिकले नाही. कित्येक लेणी अर्धवट राहिली. आणि त्याच वत्सगुल्माच्या परिसरात आपल्या काळात कोरडवाहू शेतकरी फास घेऊ लागला. जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत वाशीम होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला राज्य शासनाने १ लाख रुपयांची मदत ठरवली, पण त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. जमीन नावावर होती का? कर्ज होते का? वसुलीचा तगादा होता का? कागद पुरा पडला नाही, की शेरा मारला जातो ‘अपात्र’. सरकारी पैशाला हिशेब लागतो, हे खरे. तरी मनात येते, की शिबीच्या तराजूत देणारा बसला होता. आपल्या तराजूत आपण घेणाऱ्याला बसवले आहे. विधवेचे दुःखही वजन करून घेतो आणि ते थोडे कमी भरले असे तिला सांगतो.

आमच्या खेड्यांत इर्जिक नावाची रीत होती. ज्याची पेरणी अडली, त्याच्या वावरात शेजारपाजारचे लोक आपापल्या बैलजोड्या घेऊन येत. दिवसभर राबत आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जेवत. मजुरी नाही, अर्ज नाही. जात-धर्म बांधावर थांबत असे. आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, रीतही मागे पडली. बैल परत येणार नाहीत. पण पेरणीच्या दिवसांत कोणाचे वावर पडीक दिसते, कोणाच्या घरचा मुलगा शाळेत यायचा बंद झाला, एवढे पाहायला बैलजोडी लागत नाही. तिथे जाऊन विचारावे लागते आणि आपला एखादा दिवस खर्ची घालावा लागतो.