खेळून पोट भरतं का?

आमच्या हाउन्सलोत शनिवारची सकाळ दोन ठिकाणी वाटलेली असते: अर्धी मुलं मैदानावर, अर्धी इलेव्हन-प्लसच्या शिकवणीला. आमच्या बरोत ग्रामर स्कूल नाही, त्यामुळे पालकांचे डोळे स्लाऊकडे, नाहीतर किंग्स्टनच्या टिफिनकडे. माझी नात नऊ वर्षांची आहे आणि फुटबॉल खेळते. परवा लेकीने विचारलं, "बाबा, हिचा फुटबॉल बंद करू का?"

मी गप्प बसलो. १९९५ साली याच लेकीचा नेटबॉल मी बंद केला होता. शाळेच्या संघात होती, पण पुढच्या उन्हाळ्यात जीसीएसई होती. "खेळून पोट भरतं का?" हा आपल्याकडचा ठेवणीतला प्रश्न विचारून मी विषय संपवला. मार्क उत्तम पडले. आज ती अकाउंटंट आहे. म्हणजे माझं बरोबरच होतं? निवृत्त माणसाला वेळ भरपूर, म्हणून जरा मागे जाऊन पाहिलं.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ५ डिसेंबर १९२१ रोजी हा खेळ स्त्रियांना शोभत नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी उठली १९७१ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी! १९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' आलं: सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलगा-मुलगी भेद चालणार नाही, खेळातही नाही. आणि १९७३ मध्ये आपल्या पुण्यात महिला क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. संघ तीनच: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षी मी हीथ्रोला उतरलो. यातलं एक अक्षर कानावर आलं नव्हतं.

पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी याच पिढीच्या. १९७६ साली भारताच्या महिला संघाने वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी खेळली, त्यात या लेगस्पिनर होत्या. एकूण १९ कसोट्या, कर्णधारपद, १९८५ चा अर्जुन पुरस्कार. संघटनेकडे पैसा नव्हता. मुली आरक्षणाशिवाय रेल्वेने जायच्या. पुढे त्याच संघटनेच्या त्या सचिव झाल्या आणि २००६ मध्ये महिला क्रिकेट नियामक मंडळात विलीन झालं, तेव्हा ती जबाबदारी त्यांच्याकडे होती. डायना एडलजींना खेळाबरोबर रेल्वेची नोकरी होती; २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्याच मंडळाच्या प्रशासकीय समितीवर नेमलं.

पण यावरून सिद्ध काय होतं? सत्तरच्या दशकात जे घर मुलीला मैदानावर पाठवत होतं, ते तिला पुढेही कशाला अडवणार? २०१४ च्या एका पाहणीत कंपन्यांतल्या वरिष्ठ स्त्रियांपैकी ९४ टक्के कधी ना कधी खेळलेल्या निघाल्या. आकडा दणदणीत, पण विचारलं फक्त जिंकलेल्यांना. ज्या खेळल्या आणि कुठेच पोचल्या नाहीत, त्यांना कोण विचारतो?

खरं उत्तर अमेरिकेच्या त्या कायद्यात सापडलं. १९७१-७२ मध्ये तिथल्या हायस्कुलांत सुमारे तीन लाख मुली खेळत होत्या. सहा वर्षांत त्या वीस लाखांवर गेल्या. ज्या राज्यांत मुलगे जास्त खेळत, तिथे बरोबरी साधायला मुलींच्या जागाही जास्त वाढवाव्या लागल्या. म्हणजे ही वाढ घरच्यांच्या हौसेची नव्हती, कायद्याच्या सक्तीची होती. बेट्सी स्टीव्हन्सन या अर्थतज्ज्ञ बाईंनी २०१० मध्ये राज्याराज्यांची तुलना छापली. खेळणाऱ्या मुलींचं प्रमाण शंभरात दहाने वाढलं, की कॉलेजात जाणाऱ्या मुली शंभरात एकीने वाढतात, नोकरी करणाऱ्या एक ते दोघींनी. शिवाय एरवी पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या व्यवसायांत मुली जास्त शिरल्या. या सगळ्या काही विजेत्या नव्हत्या, शाळेच्या संघातल्या साध्या मुली होत्या.

आपल्याच हाउन्सलोत घडणारा 'बेंड इट लाइक बेकहम' २००२ मध्ये आला. त्यातली मुलगी शेवटी फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर कॅलिफोर्नियाला जाते, तेव्हा मी म्हटलं होतं, "सिनेमा आहे!" पण मुलींना अशा शिष्यवृत्त्या मिळू लागल्या त्या १९७२ च्या कायद्यानंतरच.

लेकीला मी हे सगळं सांगितलं. दहाला एक, हा आकडा ऐकून ती अकाउंटंटसारखी हसली. "एवढंच?"

"एवढंच. पण उणे नाही. मी तेव्हा उणे धरलं होतं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या वर्षी आमचा संघ फायनलला गेला होता, बाबा."

हे मला तीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

शिकवणी आता रविवारी हलवली आहे. शनिवारी नातीला मैदानावर न्यायचं काम माझ्याकडे आलंय. खेळ साडेनऊला सुरू होतो, आणि चहाचा थर्मास घरूनच न्यावा लागतो.